उचलणार कोण?

'मार्गारिटा विथ अ स्ट्रॉ' संपला तेव्हा आईनं एकच प्रश्न विचारला. "त्या हॉटेलात तिला सोडायला कोण आलं होतं?"

शेवटचा प्रसंग तुम्हाला आठवत असेल. लैला नटूनथटून कॅफेत बसली आहे. समोर मार्गारिटा, त्यात स्ट्रॉ. ती डेटवर आलीये, पण समोर कुणी नाही, डेट स्वतःबरोबरच आहे. मी तेव्हा कॉलेजात होते. माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्यात आईचा हा प्रश्न. मला रागच आला. म्हटलं, "अगं, इलेक्ट्रिक खुर्ची आहे तिच्याकडे. आली असेल एकटी."

"आणि पायरी?" आई म्हणाली, आणि दादाचा डायपर बदलायला उठून गेली.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. वय २९. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. आम्ही सांगलीत दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. खालपासून आमच्या दारापर्यंत ३६ पायऱ्या आहेत. हा आकडा मला शाळेत पाढे यायच्या आधीपासून पाठ आहे, कारण आई दादाला कडेवर घेऊन चढताना तो मोठ्यानं मोजायची. त्याला मजा वाटावी म्हणून मोजते, असं मला वाटायचं. ती दम टिकवायला मोजत होती, हे खूप उशिरा कळलं.

गेल्या काही वर्षांत सीपी असलेल्या मुलांवरचे, माणसांवरचे सिनेमे मी शोधून शोधून पाहिले. बहुतेक मोबाइलवर, हेडफोन लावून, रात्री दादाची कूस बदलायची वेळ होईपर्यंत. समीक्षकांनी त्यांच्यावर चांगलं लिहिलंय. अभिनयाबद्दल, लैंगिकतेबद्दल, अपंग नसलेल्या नटांनी अशा भूमिका कराव्यात का याबद्दल. ते सगळं वाचूनही माझ्या डोक्यात आईचाच प्रश्न राहिला. मग मी एक साधी, जरा गावठी म्हणावी अशी फूटपट्टी धरली. या सिनेमात माणसाला उचलतं कोण? किती वेळा? आणि उचलणारा दमला, म्हातारा झाला, मेला, तर सिनेमा काय करतो?

फूटपट्टी हीच का, ते सांगायला हवं. सेरेब्रल पाल्सीत मेंदूला जन्माआधी, जन्मताना किंवा जन्मानंतर लवकरच इजा झालेली असते. ती इजा पुढे वाढत नाही. डॉक्टर हे सांगतात तेव्हा आईबापांना केवढा धीर येतो! आमच्याही घरी आला होता. पण आजार वाढत नसला तरी मूल वाढतं. हाडं लांबतात, कडक झालेले स्नायू त्यांच्याबरोबर तेवढे लांबत नाहीत, सांधे आखडतात. पाचव्या वर्षी जे पोर आई एका हातात धरून दुसऱ्या हातानं भाजी ढवळायची, त्यालाच पंधराव्या वर्षी दोघांनी धरून संडासात न्यावं लागतं. मुलाचं वजन वर जातं आणि आईचं वयही वर जातं. या दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे घराची खरी गोष्ट सुरू होते, असं माझं मत आहे. आमच्या घरात त्या मी बारावीत असताना छेदल्या. आईच्या मणक्यातली गादी सरकली आणि ती तीन आठवडे आडवी होती. त्या तीन आठवड्यांत मी दादाला पहिल्यांदा पूर्ण उचललं. त्याचं वजन ४१ किलो होतं, माझं ४६.

अर्थात सीपी सगळ्यांची एकसारखी नसते. हालचालीच्या क्षमतेवरून तिच्या पाच पातळ्या मानतात. पहिल्या पातळीतलं मूल पळतं, फक्त जरा अडखळतं. पाचव्या पातळीतल्याला मान धरायलाही आधार लागतो. दादा चौथ्या-पाचव्याच्या सीमेवर आहे. तो बोलत नाही, पण त्याला सगळं कळतं. हो म्हणायला वर बघतो, नाही म्हणायला डोळे मिटतो. त्यामुळे लैलाचं आयुष्य आमच्यासारखं का नाही अशी तक्रार मी करणार नाही. ती दिल्लीत कॉलेजला जाते, गाणी लिहिते, न्यूयॉर्कला शिकायला जाते. तशा मुली आहेत. दिग्दर्शक शोनाली बोस यांची नात्यातली बहीण मालिनी चिब ही या कथेमागची एक प्रेरणा. मालिनीची आई मिठू अलूर यांनी १९७२मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. मुलीसाठी शाळा नव्हती, म्हणून शाळाच काढली. मालिनीनं पुढे एका बोटानं टाइप करून आत्मचरित्र लिहिलं. म्हणजे ज्या घरातून ही गोष्ट आली, त्या घराला उचलणं म्हणजे काय ते चांगलंच ठाऊक होतं.

म्हणूनच 'मार्गारिटा'कडून माझी अपेक्षा मोठी आहे. शिवाय त्यातली आई मराठी आहे. लैला तिला 'आई' म्हणते, आणि रेवतीनं ती अशी केलीय की पहिल्या दहा मिनिटांत माझ्या आईनं मान डोलावली होती. ती व्हॅन चालवते, मुलीला अंघोळ घालते, मुलीच्या कॉम्प्युटरवर नको ते सापडलं की चिडते. देवी वगैरे अजिबात नाही. मला सगळ्यात आवडतो तो गैरसमजाचा विनोद. लैला धीर करून सांगते की ती 'बाय' आहे, म्हणजे तिला मुलगेही आवडतात आणि मुलीही. आईला ऐकू येतं 'बाई', कामवाली. ती म्हणते, मीही बाईच झालेय, दिवसभर नुसतं रांधा नि आवरा. थिएटरात लोक हसतात. पण या एका विनोदात दोघी आपापलं सगळ्यात खरं वाक्य बोलल्यात आणि दुसरीला ते पोचलेलं नाही. मुलीचं वाक्य सिनेमा पुढे नेतो. आईचं वाक्य तिथेच सोडून देतो.

आणि मग आईला मारतो. कॅन्सर परततो, ती जाते, आणि तिच्या जाण्यानंतर लैला मोकळी होते, स्वतःवर प्रेम करायला शिकते, कॅफेत जाते. कथा म्हणून हे सुरेख जमलंय. पण ज्या घरात रोज रात्री आईबाप हाच विचार करत झोपतात की आपण गेल्यावर याचं काय, त्या घराला हा शेवट अर्धाच दिसतो. आईच्या तेराव्यानंतरच्या सकाळी लैलाला अंघोळ कुणी घातली? बापानं? तो धाकटा भाऊ, ज्याला सिनेमाभर चार वाक्यं आहेत, त्यानं? की एखादी मावशी ठेवली? आई मेल्यावर आईचं काम कुठे गेलं, हे सिनेमा सांगत नाही. जणू ते काम तिच्याबरोबरच सरणावर गेलं.

हे फक्त आपल्याकडचं नाही. 'माय लेफ्ट फूट' (१९८९) या आयरिश सिनेमात पोटुशी आई वाढत्या क्रिस्टीला उचलून जिना चढते, आणि नंतर जिन्यावरून कोसळते. खाली पडलेल्या आईसाठी तो पोरगा डाव्या पायानं दार बडवून शेजाऱ्यांना बोलावतो. हा प्रसंग मी एकदाच पाहू शकले. आमच्या ३६ पायऱ्यांची एवढी खरी आवृत्ती दुसऱ्या कुठल्याही सिनेमात नाही. ब्रेंडा फ्रिकरला या आईसाठी ऑस्कर मिळालं ते योग्यच. पण त्यानंतर सिनेमा क्रिस्टीच्या प्रतिभेच्या मागे जातो आणि ती आई कौतुकाच्या चौकटीत जाऊन बसते.

या कौतुकाबद्दल थोडं बोलते. आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा चहा पिऊन झाला की म्हणतो, "वहिनी, तुम्ही म्हणून करता हो. देवानं विचार करूनच हे मूल तुमच्या पदरात घातलंय." आई हसते. पाहुणा गेला की कप धुताना म्हणते, "देवाला म्हणावं, पुढच्या वेळी विचारून घाल." ती चिडते, कधीकधी दादावर ओरडते, मग रात्री त्याच्या पायाला तेल चोळत बसते आणि रडते. दादाला एक वेळचं जेवण भरवायला पाऊण तास लागतो. तीन दिवस पोट साफ झालं नाही तर घरात कुणी धड बोलत नाही, आणि झालं की बाबा खरोखर पेढे आणतात. पण 'तुम्ही महान आहात' असं एकदा म्हटलं, की 'मी दमलेय' म्हणायची सोय उरत नाही. महान माणसानं कसं दमायचं?

दमण्याबद्दल प्रामाणिक असलेला सिनेमा म्हणजे राम यांचा तमिळ 'पेरन्बू' (२०१८). इथे आई निघून गेलीये आणि दुबईत नोकरी करणारा बाप, मामूटी, परत येऊन मुलीची जबाबदारी घेतो. ही मुलगी त्याला ओळखतसुद्धा नाही. तिला हसवण्यासाठी तो नाचतो, आवाज काढतो, जनावरांच्या नकला करतो. हे बराच वेळ चालतं आणि कॅमेरा हलत नाही. मामूटीसारखा सुपरस्टार एका पोरीसमोर सपशेल आपटताना दिसतो. नकला करता करता माणसाच्या चेहऱ्यावर कधी थकवा येतो आणि कधी शरम, ते बाबांनी बघितलं तेव्हा ते उठून गॅलरीत गेले. आपल्या मुलाला आपण कळत नाही, ही भावना घरात कुणी बोलून दाखवत नाही. पुढे मुलगी वयात येते आणि तिला हात लावायचा कसा, हेच बापाला कळेनासं होतं. सगळे रस्ते बंद झाल्यावर तो तिला घेऊन समुद्राकडे जातो, दोघांनी संपून जायला. असा विचार या घरांमध्ये कधीतरी येऊन जातो. तो पडद्यावर आणल्याबद्दल मी राम यांची ऋणी आहे.

पण मग मीरा येते. अंजली अमीरनं केलेली ही तृतीयपंथी स्त्री दोघांना वाचवते आणि त्यांच्या घरात येते. तिच्या पात्राचं मोल मला कळतं. तरी माझी फूटपट्टी इथे कुरकुरते. बाप एकटा उचलू शकत नाही, ठीक. मग उपाय काय? पुन्हा एक बाई, प्रेमापोटी, फुकट.

प्रेमाच्या नावानं घरात आणखी काय काय चालतं, ते ली चांग-डाँग यांच्या 'ओअ‍ॅसिस' (२००२) या कोरियन सिनेमात आहे. नायिकेला सीपी आहे. अपंगांसाठीचा चांगला फ्लॅट तिच्या नावावर मिळालाय आणि त्यात राहतात तिचे भाऊ-भावजय. ती जुन्या खोलीत, शेजाऱ्यांच्या भरवशावर. तपासणीच्या दिवशी तिला उचलून नव्या फ्लॅटमध्ये आणून बसवतात. उचलणं इतकं भयंकर दुसऱ्या कुठल्या सिनेमात पाहिलं नाही मी. या सिनेमावर माझे आक्षेप आहेत. प्रेमकथा ज्या बळजबरीतून सुरू होते ती मला आजही पचत नाही, आणि नायिका मध्येच खुर्चीतून उठून 'नॉर्मल' होते ती स्वप्नदृश्यं तर त्याहून नाही. पण तो फ्लॅट मी विसरत नाही. दादा १८चा झाला तेव्हा आम्हाला कळलं की कायद्यानं आईबाप आता आपोआप त्याचे पालक नाहीत. १९९९च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्ह्याच्या समितीकडे अर्ज करून पालकत्व घ्यावं लागतं. बाबांनी फॉर्म भरला आणि 'यानंतर कोण' असं म्हणत माझ्याकडे बघितलं. मी १५ वर्षांची होते. मी नजर फिरवली.

इथपर्यंत मी हा लेख गेल्या वर्षी लिहून ठेवला होता. मग तो दादाला वाचून दाखवला. "बरोबर आहे ना?" विचारलं. त्यानं डोळे मिटले. नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा मिटले. अर्धा तास एकेक प्रश्न विचारत गेले तेव्हा लक्षात आलं. अख्ख्या लेखात तो कुठेच नव्हता. होतं ते त्याचं वजन. ४१ किलो.

त्याला दाखवायला म्हणून मी '३७ सेकंड्स' (२०१९) पुन्हा लावला. दिग्दर्शक हिकारी. मेई कायामा ही स्वतः सीपी असलेली मुलगी यात युमाची भूमिका करते. अभिनयाचा तिला काही अनुभव नव्हता. २३ वर्षांची युमा टोकियोत आईबरोबर राहते, मैत्रिणीच्या नावावर खपणारी कॉमिक्स काढते. सुरुवातीलाच ती घरी येते आणि आई तिचे कपडे काढून तिला अंघोळ घालते. दोघींची हालचाल इतकी सरावाची आहे, की काही बोलायची गरजच पडत नाही. पहिल्यांदा बघताना मला त्यात आई दिसली होती. दादाशेजारी बसून बघताना युमा दिसली. कपडे काढले जात असताना ती कुठे बघते, ते दिसलं. २३ वर्षांच्या बाईच्या अंगावर रोज दुसऱ्याचे हात, आणि ते हात प्रेमाचे आहेत, म्हणून तक्रारही करता येत नाही. दादा सबंध प्रसंगभर वर बघत होता. हो. हो.

पुढे युमा पळून जाते, आणि मग हा सिनेमा बाकी कुणी न केलेली गोष्ट करतो. तिला उचलायला दुसरी माणसं येतात. त्यातला तोशी हा पेशानंच मदतनीस आहे. तो युमाला उचलतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर करुणा नाही, त्याग नाही. हे त्याचं काम आहे आणि ते त्याला चांगलं येतं. त्यामुळे दोघांना गप्पा मारता येतात. 'मार्गारिटा', 'पेरन्बू', 'माय लेफ्ट फूट' यांत उचलणं म्हणजे प्रेमाचा पुरावा आहे. इथे ते एक कौशल्य आहे, शिकता येतं, पगार देऊन मिळतं. आणि ते आईच्या हातून सुटलं तरी प्रेम सुटत नाही. उलट शेवटी मायलेकी समोरासमोर येतात तेव्हा त्यांच्यात पहिल्यांदा थोडं अंतर असतं, आणि त्या अंतरातून एकमेकींना नीट बघतात.

सिनेमा निर्दोष नाही. दुसऱ्या भागात युमा आणि तोशी इतक्या सहज थायलंडला पोचतात की आई म्हणाली, "आम्हाला मिरज स्टेशनवर जिना चढवत नाही कुणी." तिथे युमाची जुळी बहीण आहे. जन्मताना युमाचा श्वास ३७ सेकंद थांबला, बहिणीचा नाही. एवढाच फरक. ती बहीण कबूल करते की तिला युमाबद्दल माहीत होतं, पण भेटायची भीती वाटायची. या सिनेमांमधल्या सगळ्या भावंडांमध्ये माझ्या ओळखीची एवढी एकच. पुण्यात शिकत असताना मीही आठवडा-आठवडा घरी फोन करत नसे. अभ्यास आहे म्हणायचे. फोन केला की मागे दादाचा आवाज ऐकू यायचा आणि मग मला तिथे बसवत नसे.

यंदा मला बेंगळुरूत नोकरी लागली. घरी बोलणं झालं, भांडण झालं. मी म्हटलं, ब्युरोतून माणूस ठेवू, बारा तासांचा. माझ्या पगारातला जवळजवळ निम्मा त्याच्यावर जाणार. आई म्हणाली, "परक्याच्या हातात देऊ त्याला? त्याला काय हवं-नको ते कळणार आहे का त्या माणसाला?" मी म्हटलं, दादाला विचार. तिनं विचारलं नाही. दोन दिवसांनी बाबांनी विचारलं. दादानं छताकडे एवढा वेळ बघितलं, की बाबांना म्हणावं लागलं, "बरं बरं, कळलं."

ब्युरोचे मामा आले, चाळिशीचे असतील. आईनं त्यांना सगळं दाखवलं, हात कुठे द्यायचा, मान कशी धरायची, पाणी किती कोमट. ते ऐकून घेत होते. मग त्यांनी दादाला विचारलं, "साहेब, चला?" दादा वर बघत होता. आई काहीतरी सांगायला गेली, पण ते त्याला घेऊन बाथरूममध्ये गेलेसुद्धा. दार लागलं. आई स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. हातात काही नव्हतं. आतून पाण्याचा आवाज येत होता, मामा काहीतरी बोलत होते, आणि मग दादा हसला. मोठ्यानं, खूप वेळ.

"काय झालं रे?" आईनं इथूनच विचारलं.

आतून कुणी उत्तर दिलं नाही.